क्रेनची चालती प्रतिकृती : तोलाचा धडा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी डॉक्टर, वकील, प्राध्यापक असे विद्वान लोक येऊन बोलतात. या वर्षी संस्थेने माझ्यासारख्या क्रेन चालविणाऱ्या माणसाला बोलाविले, याबद्दल मी आभारी आहे. मला भाषणाची सवय नाही. आयुष्याची पंचवीसएक वर्षे मी क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढली. तिथे बोलण्याचे काम नसते. खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करतो आणि आपण लिव्हर ओढतो. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे.

विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेच्या मुलामुलींनी मांडलेली क्रेन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ती करताना मी त्यांच्याबरोबर होतो. सहा महिने शनिवार-रविवार आम्ही त्यात घालविले. या काळात एक पालक मला भेटले आणि म्हणाले, "चाचा, पोराचं दहावीचं वर्ष जवळ आलं. तुम्ही त्याला खेळणी करायला बसवलंत. याने त्याचं काय भलं होणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देणार आहे, आणि त्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

मी आठवीतून शाळा सोडली. घरची परिस्थिती हे एक कारण होते, पण खरे सांगायचे तर गणित हे दुसरे कारण. तरफ, टेकू, भार, भारभुजा हे शब्द मी पाठ केले होते. त्यांचा माझ्या आयुष्याशी काही संबंध येईल असे मला वाटले नव्हते. पुढे गावातल्या इतर तरुणांसारखा मीही आखातात गेलो आणि एका बांधकामावर रिगर म्हणून लागलो. रिगर म्हणजे ओझ्याला स्लिंग बांधणारा, शॅकल लावणारा आणि क्रेनवाल्याला खुणा करणारा माणूस. आमच्यात जुने खलाशी होते. ते अजून 'हबेस' आणि 'आर्या' हेच शब्द वापरीत. हबेस म्हणजे वर घे, आर्या म्हणजे खाली सोड.

१९८३ साली त्या कामावर एक अपघात झाला. आमच्याकडे ४५ टनी क्रेन होती. ट्रकच्या सांगाड्यावर बसविलेली, लांब जाळीदार बूमची. पाइपांचा एक गठ्ठा उचलून खंदकाच्या पलीकडे ठेवायचा होता. गठ्ठ्याचे वजन सहा टन. आम्ही सगळे बेफिकीर होतो. ४५ टनी क्रेन आणि सहा टनांचे ओझे, मग भीती कसली? गठ्ठा सहज उचलला गेला. मग पलीकडे पोचण्यासाठी चालकाने बूम खाली आणायला सुरुवात केली. ओझे जसजसे लांब जाऊ लागले तसे क्रेनचे मागचे पाय जमिनीवरून अलगद सुटले. पुढचे सांगायला नको. क्रेन कलंडली आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाचा पाय कायमचा गेला.

क्रेनच्या केबिनमध्ये एक तक्ता लावलेला असतो. किती अंतरावर किती भार उचलता येईल हे त्यात लिहिलेले असते. तो तक्ता त्या दिवशीही तिथे होता. पण चालकाने तो पाहिला नाही, आणि मला तर तो वाचताच येत नव्हता. खुणा करणारा मी होतो. 'आणखी खाली, आणखी खाली' ही खूण माझ्याच हाताने झाली होती. मित्रहो, आठवीचे ते तरफेचे प्रकरण मला समजले असते, तर माझा हात त्या दिवशी थांबला असता. ही गोष्ट मी इतकी वर्षे मनात बाळगून आहे.

त्यानंतर रात्रीच्या वेळी एका केरळी फोरमनने मला तो तक्ता शिकविला. त्याने टेबलाच्या कडेवर फूटपट्टी ठेवली, एका टोकाला नाणी ठेवली आणि म्हणाला, "ही तुझी क्रेन." वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला आठवीचा धडा समजला. पुढे मी परीक्षा दिली, परवाना मिळविला आणि चालक झालो.

आता आपल्या मुलांच्या क्रेनकडे येतो. आम्ही त्याच जातीच्या क्रेनची एकास वीस या प्रमाणात प्रतिकृती करायचे ठरविले. म्हणजे खऱ्या क्रेनचा एक मीटर तो आमचा पाच सेंटिमीटर. खरी बूम २४ मीटर, तर आमची १२० सेंटिमीटर. इथपर्यंत सर्वांना सोपे वाटले. मग मी विचारले, "खऱ्या क्रेनचे वजन ४० टन आहे. आपल्या क्रेनचे किती असावे?" बहुतेक मुलांनी विसाने भागून दोन टन असे उत्तर दिले आणि स्वतःच हसू लागली. नववीतल्या एका मुलीने ते बरोबर मांडले. लांबी वीसपट कमी, रुंदी वीसपट कमी, उंचीही वीसपट कमी. म्हणून वजन वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजारपट कमी. ४० टनांचे ४०,००० किलो होतात. त्याला ८,००० ने भागले की ५ किलो. घनफळाचे सूत्र तिने यापूर्वी वहीत अनेकदा लिहिले होते, पण त्याचा उपयोग तिला त्या दिवशी सापडला.

आमची क्रेन प्लायवूड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांची होती. प्रथम तयार झाली तेव्हा दिसायला हुबेहूब, पण तराजूत घातली तर पावणेतीन किलोसुद्धा भरेना. अशी क्रेन काय उचलणार? रूप सारखे असून भागत नाही, वजनही सारखे पाहिजे आणि ते योग्य जागी पाहिजे. मग मुले भंगारवाल्याकडून लोखंडाचे तुकडे घेऊन आली. टायरवाल्याने चाकांना लावायची जुनी शिशाची वजने फुकट दिली. ते सारे सांगाड्यात आणि मागच्या काउंटरवेटमध्ये भरून आम्ही पाच किलो पुरे केले.

एका मुलाने विचारले, "मग काउंटरवेट आणखी वाढवूया की! क्रेन कधी कलंडणारच नाही." मी त्याला म्हटले, करून पाहा. त्याने मागे बरीच वजने लादली आणि हुक रिकामा ठेवून बूम उभी केली. क्रेन चाकांवर होती, आणि बूम बाजूला वळविताच ती मागच्या बाजूला बसली. ओझे नसताना मागे पडू नये आणि ओझे असताना पुढे पडू नये, या दोन्हींच्या मध्ये काउंटरवेट ठरवावे लागते. हे मी तोंडाने सांगितले असते तर तो दुसऱ्या दिवशी विसरला असता.

बूम जाळीदार का असते, हेही करतानाच कळले. चार पट्ट्या पिनांनी जोडून चौकोन करा आणि दाबा. तो लगेच तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. म्हणून बूमभर त्रिकोणच त्रिकोण असतात. शिवाय बूमचे टोक मागून दोरांनी ताणून धरलेले असते. त्यामुळे ती वाकण्याऐवजी मुख्यतः दाबली जाते आणि कमी धातूत जास्त भार पेलते.

सर्वांत त्रास दिला तो फिरत्या तबकडीने. क्रेनचा वरचा भाग गोल फिरतो. त्यासाठी आम्ही दोन चकत्यांमध्ये खाच पाडून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे बसविले आणि मधोमध एक बोल्ट घातला. फिरणे तर झकास झाले. पण पहिल्याच भाराला खालचा सांगाडा जागच्या जागी राहिला आणि वरचा भाग तेवढा पुढे झुकून छर्रे जमिनीवर सांडले. मधला नट सैल होता. म्हणजे तबकडीने भार नुसता पेलून भागत नाही, वरचा भाग उपटला जाऊ नये म्हणून त्याला धरूनही ठेवावे लागते. छर्रे शोधायला दोन तास गेले.

आता हुक वर घेण्याची यंत्रणा. आम्ही दोर हुकाच्या कप्प्यांतून फिरवून चार पदरी केला. भार चार पदरांत वाटला जातो. पावणेदोन किलोचे ओझे असेल तर घर्षण सोडून प्रत्येक पदरावर सुमारे साडेचारशे ग्रॅमच येतात. मुले खूष झाली. मग ड्रमला हँडल जोडले तेव्हा पहिल्याच दिवशी एकाच्या हातून ते सुटले, ओझे खाली आले आणि फिरत्या हँडलने त्याच्या बोटांवर चांगलाच फटका दिला. म्हणून वर्म गिअर बसविला. वर्म फिरविला की दातेरी चाक फिरते, पण ओझ्याला ते चाक उलटे फिरविता येत नाही. हात सोडला तरी ओझे जागच्या जागी राहते.

पण फुकट काही मिळत नाही. आमच्या ड्रमचा व्यास २० मिलिमीटर. एका फेऱ्यात सुमारे ६३ मिलिमीटर दोर गुंडाळला जातो. दोर चार पदरी, म्हणून हुक १६ मिलिमीटरही चढत नाही. वर्म गिअर एकास वीस. म्हणजे हुक एक मीटर वर न्यायला हँडलचे साडेबाराशेहून अधिक फेरे! शेवटी जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर लावली. जितके बल वाचवाल तितके अंतर जास्त मोजावे लागेल, हा नियम मुलांच्या मनगटांना कळला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. क्रेन ताकदीने उचलते असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ती तोलाने उचलते. आउटरिगर म्हणजे क्रेनचे बाजूला पसरणारे पाय. ओझ्याच्या बाजूचे पाय हा टेकू. टेकूच्या एका बाजूला क्रेनचे स्वतःचे वजन, दुसऱ्या बाजूला ओझे. ही सरळ तरफ आहे.

आमच्या क्रेनचे पाय मध्यापासून १५ सेंटिमीटर बाहेर येत. बूम बाजूला वळविली आणि हुक मध्यापासून ४० सेंटिमीटरवर ठेवला, तेव्हा सबंध क्रेनचा गुरुत्वमध्य ओझ्याकडे ३ सेंटिमीटर सरकला होता. म्हणजे टेकूपासून १२ सेंटिमीटर आत. पाच किलो गुणिले १२ म्हणजे ६०. ओझे टेकूपासून ४० वजा १५, म्हणजे २५ सेंटिमीटर बाहेर. साठाला पंचविसाने भागले की २ किलो ४०० ग्रॅम. एवढ्या भाराला क्रेन कलंडणार असे मुलांनी कागदावर काढले. मग डब्यात थोडी थोडी वाळू घालीत गेलो. २ किलो ३०० ग्रॅमच्या सुमारास मागचा पाय उचलला. कागदावरचा आकडा टेबलावर खरा ठरतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते.

नंतर पाय मिटून तीच क्रेन चाकांवर उभी केली. चाके मध्यापासून फक्त ६ सेंटिमीटर. हिशेब केला तर ती अवघ्या ४४० ग्रॅमला कलंडणार. क्रेन तीच, वजन तेच, बूम तीच. पाय पसरले तर अडीच किलोच्या जवळ, मिटले तर अर्धा किलोसुद्धा नाही. मग ओल्या वाळूच्या परातीत ती उभी केली, तेव्हा पाय वाळूत रुतले आणि क्रेन आपोआप एका बाजूला झुकली. पायांखाली लहान फळ्या ठेवल्यावर स्थिर राहिली. कामावर आउटरिगरखाली जाड लाकडी फळ्या का घालतात, हे वेगळे सांगावे लागले नाही.

शेवटी एके दिवशी मी मुलांना १९८३ ची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग त्या मुलीने हिशेब केला. सहा टन म्हणजे ६,००० किलो, भागिले ८,०००, म्हणजे ७५० ग्रॅम. आम्ही पाय पसरून ७५० ग्रॅमचे ओझे ६५ सेंटिमीटरवर उचलले, म्हणजे खऱ्या क्रेनच्या १३ मीटरवर. क्रेन खंबीर उभी होती. तिथे ती १,१०० ग्रॅमपर्यंत तग धरते. मग हळूहळू बूम खाली आणू लागलो. भार तोच, पण अंतर वाढत होते, आणि बूमचे स्वतःचे वजनही बाहेर सरकत होते. १०० सेंटिमीटरवर, म्हणजे खऱ्या २० मीटरवर पोचायचे होते. ८३ सेंटिमीटरच्या आसपासच मागचे पाय सुटले. मुलांनी क्रेन वरच्यावर धरली म्हणून ती मोडली नाही. टेबलावर ती धरता येते. कामावर कुणी धरू शकत नाही.

४५ टनी हा आकडा फक्त अगदी जवळच्या, सुमारे तीन मीटर अंतराचा असतो. क्रेनच्या अंगावर रंगविलेला तो आकडा पाहून आम्ही निर्धास्त झालो होतो. खरी मर्यादा तक्त्यात असते. शिवाय क्रेन कलंडेल त्या भारापर्यंत तक्ता कधीच जाऊ देत नाही. निरनिराळ्या नियमांप्रमाणे त्याच्या सुमारे ७५ ते ८५ टक्क्यांवरच तो थांबतो. हल्लीच्या क्रेनमध्ये भार आणि अंतर मोजून इशारा देणारा संगणक असतो. पण पाय किती पसरले आहेत, बूम कोणती आहे, ही माहिती पुष्कळदा चालकालाच त्यात भरावी लागते. चुकीची भरली तर यंत्र चुकीचेच सांगणार.

मुलांना मी एक इशाराही दिला आणि तो येथेही देतो. प्रतिकृती तोलाबद्दल खरे सांगते, पण मजबुतीबद्दल फसविते. लहान केल्यावर वजन आठ हजारपट घटते, परंतु दांड्याचा आडवा छेद चारशेपटच घटतो. म्हणून त्याच धातूची प्रतिकृती खऱ्या क्रेनपेक्षा हिशेबाने वीसपट मजबूत असते. आमची बूम मोडली नाही म्हणून खरी मोडणार नाही असे नव्हे. जवळच्या अंतरावर तर क्रेन कलंडण्याआधी तिचा एखादा भाग तुटू शकतो, आणि तक्त्यात तिथली मर्यादा त्या मजबुतीवरून ठरते. झोक्याचेही तसेच. एक मीटर दोरावरचा आमचा हुक दोन सेकंदांत एक झोका घेई. खऱ्या २० मीटर दोराला त्यासाठी सुमारे नऊ सेकंद लागतात. कोणती गोष्ट प्रतिकृतीवरून शिकावी आणि कोणती शिकू नये, हे ओळखणे हेही शिक्षणच.

तोलाचे हे शास्त्र नवे नाही, आणि आपल्याला परकेही नाही. अल्-खाझिनी नावाच्या विद्वानाने मर्व येथे ११२१ साली 'मीझान अल्-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. तराजू, वजन आणि गुरुत्वमध्य हाच त्याचा विषय. दांडीच्या तराजूत लहान वजन लांब सरकवून मोठे ओझे तोलतात, तेच तत्त्व क्रेनला कलंडविते. आपण अशा नावांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ते लोक मोजीत होते, करून पाहत होते, हे विसरून नुसता अभिमान बाळगला तर त्यात काही तथ्य नाही.

दुसरे उदाहरण लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचे. ते इंजिनिअर नव्हते, एका मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेबाचे काम करीत. आपल्या मुलांना क्रेन, पूल अशा वस्तू करता याव्यात म्हणून त्यांनी अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या तयार केल्या आणि १९०१ साली त्यांचे पेटंट घेतले. पुढे जगभर प्रसिद्ध झालेला मेकॅनो संच तो हाच. एका बापाने घरात मुलांबरोबर बसून सुरू केलेले ते काम होते.

आता त्या पालक बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर. भाईजान, आपल्या मुलाने खेळणे केले हे खरे. पण ते करताना त्याने घनफळ, गुणोत्तर, तरफ, कप्पी आणि घर्षण हे सारे हाताने शिकले. माझ्याकडे हे नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पायाने चुकविली गेली. आपली मुले पुढे काहीही होवोत. कुणी इंजिनिअर होईल, कुणी माझ्यासारखा केबिनमध्ये बसेल. ज्याच्या हातात खूण करण्याचे काम आहे, त्याला तक्ता वाचता आलाच पाहिजे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, घरातला एक कोपरा, एक जुने टेबल, एक पाना आणि एक पक्कड मुलांना द्या. मुलींनाही द्या. आमचा सगळा हिशेब एका मुलीनेच सांभाळला, हे आपण ऐकलेच आहे. पसारा होईल, थोडे बोट चेपेल, छर्रे पलंगाखाली जातील. होऊ द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला सांगतो, क्रेन नाही जमली तर फूटपट्टी, पेन्सिल आणि चार नाणी घ्या. आधी कागदावर आकडा काढा, मग करून पाहा. तुमचा आकडा खरा ठरेल त्या दिवशी गणिताची भीती जाईल.

ज्या मित्राचा पाय गेला त्याला मी मुलांच्या क्रेनचा फोटो पाठविला होता. त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "पोरांना तक्ता शिकवलास ना?" मी हो म्हटले.